एक्के वाढलेत

रघुनाथरावांचा ब्रिजचा जोडीदार ऐन फायनलच्या सकाळी पाठीत उसण भरून आडवा झाला. सुरतच्या मराठी मंडळात बायकोला घेऊन जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. अडला हरी! मंगलाताई मात्र हरखल्या. चार वर्षं हा माणूस घरी त्यांच्याशी सराव करत होता, पण मंडळात न्यायचं नावच काढत नव्हता.

"नीट खेळलीस तर पुढेही घेईन," रिक्षात रघुनाथराव म्हणाले. "घोळ घातलास तर हा शेवटचा डाव. सांग, चार नो-ट्रम्प म्हणजे काय?"

"जोडीदाराला विचारायचं, एक्के किती? मोठा डाव बोलता येईल का ते कळतं."

"आणि उत्तर पाच किलवर आलं तर?"

"चारही. नाहीतर... ते आपलं हे."

"हे काय? एकही नाही! स्पष्ट बोलायला काय होतं?"

फायनलला समोर प्रवीणभाई आणि हंसाबेन. शेवटच्या डावात मंगलाताईंकडे दोन एक्के आणि इस्पिकची रांग. त्यांनी चार नो-ट्रम्प विचारलं. रघुनाथरावांनी पाच किलवर सांगितलं. म्हणजे तिकडे ठणठणाट!

नियमाप्रमाणे प्रवीणभाईंनी विचारलं, "मंगलाबेन, आ बोलीनो अर्थ शुं?"

आता आली पंचाईत. मंगलाताई अमरावतीच्या. डब्यात तांदळाचा दाणा नसला तरी त्यांच्या माहेरी 'नाहीत' म्हणत नसत, 'वाढलेत' म्हणत. त्या म्हणाल्या, "यांच्याकडे एक्के वाढलेत."

प्रवीणभाईंचा चेहरा पडला. त्यांच्या कानाला ते 'वध्या' वाटलं, आणि गुजरातीत 'वध्या' म्हणजे शिल्लक राहिले, उरले! त्यांचा चेहरा पाहून मंगलाताई गडबडल्या आणि पाच इस्पिकऐवजी सहा इस्पिकचं कार्ड ठेवून बसल्या. तेरातले बारा हात करायचे, आणि दोन एक्के शत्रूकडे! रघुनाथरावांना घाम फुटला.

पण त्यातला एक एक्का हंसाबेनकडे असेल, हे प्रवीणभाईंच्या स्वप्नातही आलं नाही. आपला एक्का त्यांनी जपून ठेवला आणि भलतंच पान टाकलं. मग रघुनाथरावांची पानं टेबलावर उघडी पडली.

"अरे, आमां तो एक्का नथी!" प्रवीणभाई ओरडले. तोवर उशीर झाला होता. मंगलाताईंनी इस्पिक आणि बदाम ओढून बारा हात केले; शत्रूच्या दोन एक्क्यांपैकी एकालाच हात मिळाला.

"तमे तो कह्युं, वध्या छे!"

"मग? वाढलेच होते की!"

पंच वसंतरावांना 'वाढणे' या शब्दाचे दोन्ही अर्थ समजून घ्यायला वीस मिनिटं लागली. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, तुमचा हेतू शुद्ध होता. पण समोरच्याला चुकीचा अर्थ कळला. डाव बुडाला असं धरतो." ढाल प्रवीणभाईंना गेली.

रघुनाथराव पत्ते गोळा करू लागले. मंगलाताईंना वाटलं, संपलं आपलं ब्रिज!

तेवढ्यात प्रवीणभाई लगबगीने खेळायचं आमंत्रण घेऊन आले. "मंगलाबेन, वडोदरानी टूर्नामेंटमां मारी साथे रमशो? हंसाने तो अमेरिका जवानुं छे. अने तमारी हिंमत! बाप रे!"

"काहीतरीच काय, प्रवीणभाई!" रघुनाथराव सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे कडाडले. "ही माझी पार्टनर आहे!"

मंगलाताईंना इतका आनंद झाला, की त्यांनी तो चेहऱ्यावर दिसूच दिला नाही. खांद्यावरची पर्स नीट करत त्या दोघांना म्हणाल्या, "विचार करून सांगते."