ट्रायलशिवाय मोळी न्हाय

नाना चौगुले कोणतीही गोष्ट पहिल्यांदा करतच नाहीत. म्हणजे लोकांच्या देखत ती पहिल्यांदा होते, पण तोवर नानांनी ती गुपचूप दोन-तीनदा करून बघितलेली असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते दवाखान्यात जाऊन त्या पलंगावर आडवे पडून आले होते. पुण्याला जायचं झालं, की आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन गाडी सुटताना बघून येतात. मुलीच्या लग्नाआधी तर मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत नवरदेवाच्या घोड्याच्या चालीनं एकटेच चालले होते. बँडवाले जिथं नाचायला थांबवणार, तिथं पाच-पाच मिनिटं थांबून.

याचं मूळ साखर कारखान्यात आहे. तीस वर्षं नाना कारखान्यात बॉयलरवर होते. गळीत हंगामाच्या आधी तिथं सगळी यंत्रं रिकामी फिरवून बघतात आणि मगच उसाची पहिली मोळी टाकतात. नाना निवृत्त झाले, पण त्यांचा हंगाम काही संपला नाही. "मास्तर, ट्रायलशिवाय मोळी न्हाय," हे त्यांचं पालुपद. मास्तर म्हणजे मी. शेजारी राहतो, हायस्कूलात शिकवतो आणि माझ्याकडं चारचाकी आहे. यातला तिसरा गुण नानांना सगळ्यात प्रिय.

या मे महिन्यात त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता शिकागोहून चार वर्षांनी येणार होती. आठच दिवस. नानांनी पंधरवडाभर आधीच कंबर कसली.

पहिली ट्रायल विमानतळाची. मुंबईचं विमान उतरलं, माणसं बाहेर आली आणि नानांनी एका सफारीवाल्या गृहस्थांच्या बॅगेला हात घातला.

"ओ पावणं, जरा बॅग द्या की. आमच्या डिकीत बसत्या का बघतो."

गृहस्थ ओरडले. सिक्युरिटीवाला धावत आला. नाना त्यालाच म्हणाले, "तुमी तरी सांगा हेन्ला. माझी पोरगी यायची हाय. आयत्या येळंला बॅग बसली न्हाय तर काय करू?" शेवटी ती बॅग खरोखरच डिकीत बसवून बघितली. उपकाराची फेड म्हणून मला त्या गृहस्थांना गाडीनं कागलपर्यंत सोडून यावं लागलं.

मग नाना दिवसा झोपायला लागले. हा माणूस दुपारी नुसती जांभई देणाऱ्यालाही "काय ओ, बॉयलर इझला काय?" म्हणून हिणवणारा. तोच सकाळी दहाला खिडक्या लावून घोरायला लागला, म्हटल्यावर मी घाबरलो आणि त्यांना गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांकडं नेलं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कायबी न्हाय. जेटलॅगची ट्रायल चालू हाय."

"कुठं जाऊन आलात?"

"कुठं जातोय? इमानात पाय ठेवला न्हाय अजून."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. ही ट्रायल कशासाठी, हे नानांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चक्रमपणाचं कारण विचारलं की तो वाढतो, असा माझा अनुभव आहे. गल्लीत मात्र ही गोष्ट मी मीठमसाला लावून सगळ्यांना सांगितली.

सुजाता आली. बॅग डिकीत बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला माझ्या दारात हुकूम आला, "मास्तर, गाडी काढा. बर्गर खायला जायाचं हाय."

ताराबाई पार्कात 'गूर्मे बर्गर'चं नवीन हॉटेल निघालं आहे. पांढरा रस्सा सोडून पाहुण्याला बर्गर खायला नेणं मला तरी पाप वाटतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"चार वर्सं तिकडचं खाल्लेलं पोट हाय," नाना म्हणाले. "एकदम रस्सा सोडला तर भडका उडंल. आधी गार चालवायचं, मग वाफ सोडायची."

मागच्या सीटवर सुजाता काचेला डोकं टेकून पेंगत होती. तिच्या शिकागोत तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. पुढं नानाही पेंगत होते.

हॉटेलात शिरलो, तर काउंटरमागच्या मॅनेजरबाई हसून म्हणाल्या, "काय नाना, आज ट्रायल का खरं?"

"आज मोळी!" नाना म्हणाले.

म्हणजे स्वारी इथं आधीच येऊन गेली होती. रिक्षानं, मला न सांगता. मला जरा वाईटच वाटलं.

लाकडी फळीवर बर्गर आले. चांगले वीतभर उंच, मधोमध काडी खुपसलेले. शेजारी बटाट्याच्या काड्या, त्याही छोट्याशा कुंडीत. नानांनी बाह्या सरसावल्या. "सुजा, नीट बघ. आधी ही खुट्टी उपटायची. मग वरनं तळहातानं दाबायचं, हलक्यानं, न्हायतर समदं मागनं पळतंय. मग उलटा करायचा. कोपरं टेबलावर. आणि पयला घास..."

पहिला घास कुठून घ्यायचा, ते राहूनच गेलं. नानांची मान छातीवर पडली आणि ते बसल्या जागी घोरायला लागले.

सुजाताची पेंग खाडकन उतरली. "काका, नानांना काय झालंय हो? खरं सांगा. मला रात्री दोनला जाग येते, तर स्वयंपाकघरात दिवा. नाना चहा ठेवून बसलेले. म्हणतात, मलाबी आत्ताच जाग आली. तीन दिवस हेच. मग आम्ही उजाडेपर्यंत बोलत बसतो. नाना आणि माझ्याशी एवढ्या गप्पा, काका! आजारी नाहीत ना ते?"

मी हसत हसत तिला डॉक्टरांकडची गोष्ट सांगितली. खिडक्या लावून घोरण्याची साभिनय नक्कलही केली. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"आई गेली तेव्हा मी आलते ना," ती हळूच म्हणाली. "सगळे झोपायचे आणि मी रात्रभर आईच्या ओट्यापाशी एकटीच बसलेली असायची. जाताना नानांना सहज म्हटलं होतं, नाना, इथं रात्र लई मोठी असते. एवढंच. नंतर मी विसरूनसुद्धा गेले."

नाना विसरले नव्हते. चार वर्षं ते एक वाक्य जवळ बाळगून होते. मला माझीच लाज वाटली. पंधरा दिवस मी गल्लीभर ज्याची टिंगल केली, ते हे होतं.

सुजातानं डोळे पुसले. "खरं सांगू का काका? विमानात बसल्यापासनं मला पांढरा रस्सा दिसत होता." आणि तिनं खुट्टी उपटली, तळहातानं हलकं दाबलं, बर्गर उलटा केला, कोपरं टेबलावर टेकली आणि सगळा संपवला. कुंडीतल्या काड्यांसकट.

तेवढ्यात नाना जागे झाले. "कसा हुता?"

"लई भारी, नाना."

"असणारच की. चार दिवस ट्रायल घेतलीया." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, उद्या रस्सा. आता चालतंय."

उरलेले दिवस भर्रकन गेले. तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी आपणहून गाडीची किल्ली घेऊन नानांच्या दारात उभा राहिलो. आजवर केलेल्या टिंगलीची एवढी तरी भरपाई करावी म्हणून.

"चला नाना. उद्या विमानतळावर जायचंय. ट्रायल मारून येऊ."

नाना सुजाताची बॅग पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नगं मास्तर. ते एकदाच बास हाय."

मी किल्ली खिशात टाकली आणि बॅगेची दुसरी बाजू पुसायला बसलो.