दोनाचे आठ किलोवॉट

बाबा प्रयोगशाळेतून घरी आले ते चपला काढायच्याच विसरले. तिथल्या प्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, "काका, मोठ्या सूक्ष्मदर्शकासाठी चिलर तुम्हीच निवडा." बावीस वर्षं बाबांनी दुसऱ्यांनी निवडलेली यंत्रं पुसली होती, जोडली होती आणि ती बिघडली की बोलणीही खाल्ली होती. निवडायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"चिलर म्हणजे फ्रीजच ना?" आईने विचारलं.

"फ्रीजचा शिकलेला भाऊ. यंत्राच्या पोटातून गार पाणी फिरवत राहतो, म्हणजे ते तापत नाही. दोन किलोवॉट उष्णता निघते म्हणाल्या. पण मॅडम भिडस्त, कमीच सांगितलं असणार. तीन धरतो."

"आणि उन्हाळ्यात काय कराल? चार धरा. कमी पडलं तर नाव तुमचं जाईल."

फॉर्म भरायला धाकटी बसली, कारण घरात फक्त तिचंच अक्षर लोकांना लागायचं. एवढ्या मोठ्या चौकटीत चार हा आकडा तिला अगदीच बिचारा वाटला. बाबांची पहिली निवड, जरा रुबाब नको? तिने पाच केले. त्यावर कंपनीचा विक्रेता फोनवर म्हणाला, "काका, आठचाच घ्या. म्हातारपणापर्यंत बघायला नको." कुणाच्या म्हातारपणापर्यंत, हे विचारायचं राहून गेलं.

आला तो चिलर कसला, कपाटच होतं. दार बिजागऱ्यांसकट उतरवलं, सगळे पोट आत घेऊन भिंतीला चिकटले, तेव्हा कुठे स्वारी आत शिरली. शाळा सुटल्यावर धाकटी मुद्दाम बघायला आली होती. बाबांनी बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात पाणी गारेगार झालं आणि चिलर थांबला. पाणी कोमट झालं, तो गुरगुरत सुरू झाला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. एवढ्याशा कामाला एवढा पैलवान लावलेला, हात लावला की काम संपतच होतं. पाणी असं गार-कोमट होत राहिलं आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र जागेवर ठरेना. वर दर वेळी पाठीमागून गरम हवेचा फुत्कार. तासाभरात खोलीतल्या सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले.

बाबा स्टुलावर बसून राहिले. "एवढं एकच निवडायला सांगितलं होतं गं," ते हळूच म्हणाले.

"पाच मी लिहिले होते, बाबा."

"सही माझी आहे ना खाली."

मॅडम आल्या तसे बाबा उठून उभे राहिले. "मॅडम, चूक झाली. तुम्ही दोन सांगितलेत आणि मी..."

"काका, थांबा." मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला. "दोन नव्हतेच. मोजलं कुणी होतं? मी अंदाजाने एक धरला. मग म्हटलं, तुम्ही सुतळीचा तुकडासुद्धा जपून ठेवणारे, त्यातलं निम्मं कापाल. म्हणून दोन सांगितले."

मग बादली आली, थर्मामीटर आला आणि धाकटीच्या हातात घड्याळ आलं. नळाचं पाणी यंत्रातून सोडून बादली किती वेळात भरते, पाणी किती तापतं, हे तिघांनी पहिल्यांदाच खरोखर मोजलं. आठशे वॉट निघाले. एक किलोवॉटसुद्धा नाही. मॅडम आधी हसल्या, मग धाकटी, आणि बऱ्याच वेळाने, दोघींकडे बघत बघत, बाबा.

कंपनी चिलर बदलून द्यायला तयार झाली, फक्त नवा फॉर्म हवा होता. मॅडमनी कोऱ्याच फॉर्मवर खाली सही केली आणि तो बाबांच्या हातात दिला.

"आकडा तुम्ही भरा."

"पुन्हा मीच?"

"मग कोण?"

बाबांनी तो तिथे भरला नाही. वहीत घालून, घडी न पडू देता घरी आणला.

"अहो, ह्यात तर काहीच लिहिलेलं नाही," आई म्हणाली.

"सही बघ."

आईने ओले हात पुसले, चष्मा लावला आणि तो कोरा कागद वरपासून खालपर्यंत सावकाश वाचून काढला.