तोफेला कान लावणारे कल्लाप्पा अण्णा

गडावर पोचल्यावर माणसं आधी फोटो काढतात. कल्लाप्पा अण्णा आधी तोफेला कान लावतात. खिशातला पाना काढायचा, तोफेच्या पोटावर टक्‌कन मारायचा, डोळे मिटायचे आणि सगळ्या सहलीला ऐकू जाईल असा निकाल द्यायचा : "वाळू ओली व्हती!"

अण्णा सीमाभागातल्या येळ्ळूरचे. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत त्यांनी जन्मभर वाळूचे साचे घातले. साच्याची वाळू ओली राहिली की वितळलेल्या लोखंडात वाफ अडकते आणि माल आतून पोकळ निघतो. एवढं एकच शास्त्र त्यांनी साऱ्या जगाला लावलंय. राज्य का बुडालं? वाळू ओली व्हती. आमदार का पडला? वाळू ओली. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा घरी येऊन, चहा पिऊन, आईलाही तेच सांगून गेले. आईला ते पटलं, हे आणखी विशेष.

निवृत्त झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी मिनीबस ठरवून ते लोकांना गड, जुनी गावं, राजवाडे दाखवायला नेतात. दाखवतात म्हणजे काय, तर दरबारातलं सिंहासन सोडून दाराच्या बिजागऱ्या. एका बाईंनी विचारलं, "अण्णा, राणीचा महाल कुठला हो?"

"असंल तिकडं कुठंतरी. राणी काय ओतीव न्हाय."

एकदा त्यांनी देवडीवरच्या घंटेवर पाना मारला. रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला. अण्णांनी त्याला अस्खलित कन्नडमध्ये घंटेतली चीर समजावून सांगितली. त्या गड्यानं शिट्टी खिशात घातली आणि स्वतःच दोनदा घंटा वाजवून खात्री करून घेतली.

मी या सहलींना जाते ती आमच्या मराठी मंडळाची पत्रकं वाटायला. स्पष्टच सांगते, सहल या प्रकाराचा मला संताप येतो. पूर्वजांनी जिथं रक्त सांडलं तिथं आपण कुरकुरे सांडतो! अण्णा मला 'पत्रकबाई' म्हणतात. गडावरच्या पाटीवर आपली भाषा नाही म्हणून मी भर उन्हात घोषणा देत होते, तर हा मनुष्य म्हणतो, "दे की गं घोषणा. सावलीत उभी ऱ्हाऊन दे. तोफंला दोनी भाषा येत न्हाईत." असल्या माणसांमुळेच चळवळी बसतात, असं माझं मत होतं. छापील मत होतं.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळानं खानापूरकडच्या एका गढीवरची झुडपात पडलेली तोफ दत्तक घेतली. घासायची, चकचकीत काळा ऑईलपेंट द्यायचा, चौथऱ्यावर बसवायची. ठराव मी मांडला, पत्रक मी लिहिलं. ठरल्या रविवारी डबे-ब्रश घेऊन पोचलो, तर अण्णांची सहल आधीच हजर. सहल झाडाखाली भाकरी खात होती आणि अण्णा तोफेवर पालथे.

"उठा अण्णा. रंग लावायचाय."

"न्हाय."

"न्हाय म्हणजे? लोखंड सडतंय. इतिहास सडतोय!"

"ते पत्रकात लिव्ह. हिकडं ये."

मी तावातावानं गेले. त्यांनी माझा हात धरून तोफेच्या मागच्या कड्याखाली ठेवला. बोटांना बारीकसा फुगवटा लागला, पेराएवढा.

"काय आहे?"

"अंगठा. साचा वाळायच्या आधी कुणाचा तरी अंगठा त्यात रुतलाय. साच्यात खड्डा, म्हून लोखंडात उठून आलाय. रंगाचं दोन हात बसलं की गेला."

"म्हणजे चूकच की ही!"

"व्हय. चूकच. आमच्याकडं असला माल परत मारत्यात."

मग त्यांनी पाना खिशात ठेवला.

"माझा एक बी परत आला न्हाय गं," ते म्हणाले. "पंप गेलं, ट्रकचं भाग गेलं, लई लांब लांब गेलं. समद्यांवर कंपनीचं नाव. गुळगुळीत माल. आता कुठं जाऊन हुडकू मी? आन् ह्यो गडी बघ. नाव न्हाय, गाव न्हाय. पर हाय की हितं."

त्यांनी स्वतःचा अंगठा त्या फुगवट्यावर टेकवला. उचलला नाही.

मागं मंडळाचे पाच जण ब्रश घेऊन उभे होते. एकानं डब्याचं झाकण उचकटलं. "ताई, करायची ना सुरुवात? ठराव झालाय."



"झाकण लावा," मी म्हणाले.

"कारण?"

"अण्णांचं बघून व्हायचंय अजून."

ते दुपारभर झालं नाही.