अस्वलाची लांब मोटार आणि भाऊबीज

एका जंगलात, बाळांनो, रस्ता होता आठ फूट रुंद. त्याच जंगलात एक अस्वल राहायचे आणि त्याची अमेरिकन मोटार होती सात फूट रुंद. उरलेल्या फूटभरात बाकीच्यांनी चालावे, असे अस्वलाचे प्रामाणिक मत होते.

मोटार सत्तरच्या दशकातली. पुढची चाके नाल्यावरचा पूल ओलांडायची, तेव्हा मागची अजून अलीकडच्या काठावरच असायची. दार लावले की 'धप्प' असा भारदस्त आवाज यायचा. तो ऐकायला अस्वल दिवसातून दहा वेळा दार लावायचे. आवाज मलाही आवडायचा, खोटे कशाला बोलू.

चालायची मात्र मनात आले तर. पेट्रोल प्यायची नदीवर आलेल्या हत्तीसारखी.

माकड मिस्त्री बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत शिरून सांगायचा, "शेठ, गाडी एक नंबर. फक्त तापते, आणि हँडब्रेक नाही. पार्ट अमेरिकेहून मागवलाय."

"कधी येणार?"

"मागवलाय," मिस्त्री म्हणायचा.

अस्वलाची धाकटी बहीण मंजी घाटापलीकडे राहायची. पायी दोन तासांची वाट. तीन भाऊबिजांना अस्वल ऐटीत मोटारीने निघाले आणि तिन्ही वेळा घाटातूनच परत आले. परत आले म्हणजे गव्यांनी ओढत आणले.

चौथ्या वर्षी मंजीचा निरोप आला. "दादा, यंदा पायी ये. नाही आलास तर मी चंद्राला ओवाळीन आणि यापुढे त्यालाच भाऊ मानीन. भाऊ नसलेल्या बायका तेच करतात."

अस्वलाला फार वाईट वाटले. डोळे पुसून ते मोटारीने निघाले.

शेवटच्या चढावर, मंजीचे अंगण दिसू लागले तिथेच, मोटार तापली आणि बंद पडली. मागे उतार, उताराखाली दरी. अस्वल ब्रेकवर पाय दाबून बसून राहिले. दिवस मावळला. बीजेची कोर डोंगराला टेकू लागली.

अखेर मंजीच ताट घेऊन, दोन पिल्लांसह तिथे आली. तिने रस्त्यातच पाट मांडला.

"उतर, दादा. चंद्र बुडेल आता."

"पाय काढला तर गाडी दरीत जाईल गं."

"मग मी चाकामागे दगड लावते."

"दगड?" अस्वल दचकले. "अगं, टायरला पांढरी पट्टी आहे. चरा पडेल."

मंजीने पट्टी पाहिली. खरेच पांढरीशुभ्र होती. मग तिने रिकाम्या पाटाकडे पाहिले. ताट उचलले, पाठ फिरवली आणि चंद्राला ओवाळले.

अस्वलाला रडू कोसळले. पण ब्रेकवरचा पाय तसूभरही हलला नाही, हे त्याच्या कौतुकाखातर सांगितले पाहिजे.

धाकट्या पिल्लाने विचारले, "आई, आपला मामा कुठला गं?"

मंजीने वर बोट दाखवले. तेव्हापासून झाडून सारी पिल्ले चंद्राला मामा म्हणतात. तुम्हीही म्हणता.

तात्पर्य: बहिणीला भाऊ दुसरा मिळतो, तोही थेट आकाशातला. त्या मापाचा टायर मात्र आता कुठेच मिळत नाही. तेव्हा, बाळांनो, आधी पट्टी जपा; नाती काय, सवडीने जपता येतील.