टेंबेबाईंच्या घड्याळाचं म्हणणं

टेंबेबाईंचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त झालं होतं, पण ते घरी जायला तयार नव्हतं.

बार्शीच्या मंडईसमोर दिगंबर ओतारींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी घड्याळ उघडून साफ केलं होतं, तेल दिलं होतं, थकलेली स्प्रिंग बदलली होती. आता ते कागदात गुंडाळायला घेतलं, तर घड्याळ म्हणालं, "राहू द्या. मी त्या घरात जाणार नाही." हट्टी गिऱ्हाइकं ओतारींनी पुष्कळ पाहिली होती, पण ती काउंटरच्या पलीकडची. त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि बाईंना निरोप पाठवला.

बाई शाळा सुटल्यावर तडक आल्या. घड्याळ त्यांच्या वडिलांचं, त्यांच्या जन्माआधीपासून माहेरच्या भिंतीवर असलेलं. त्यामुळे त्या त्याला अहोजाहो करत.

"बाई, मशीन ठणठणीत आहे," ओतारी म्हणाले. "ह्याचं म्हणणं घराबद्दल आहे. मी मध्ये पडत नाही, तुम्ही समोरासमोर बोला."

"उषे," घड्याळ म्हणालं, "तुझ्या घरात मला पंधरा मिनिटं पुढे ठेवतात."

"अहो, सगळ्यांच्याच घरी ठेवतात!"

दुकानातल्या बाकीच्या घड्याळांनी ऐकण्यासाठी टिकटिक हळू केली. ओतारींनी मान वळवून नुसतं पाहिलं, तशी ती मुकाट कामाला लागली.

"मी आठचे ठोके दिले, की तुझा नवरा म्हणतो, 'छे, पावणेआठच झालेत,' आणि कूस बदलतो. मला खोटं बोलायला लावायचं आणि वर विश्वासही ठेवायचा नाही! मला एवढंच हवंय, मी ठोके दिले की कुणीतरी म्हणावं, बरोबर आहे. तुझे वडील म्हणायचे."

बाईंनी घड्याळाच्या काचेवरून हात फिरवला. "म्हणायचे खरं. तुम्ही नाही तर घर कसं मुकं झालंय. जेवताना माझं लक्ष सारखं त्या रिकाम्या खिळ्याकडे जातं. पण ती पंधरा मिनिटं काढली, तर आमच्याकडचं एकही माणूस वेळेवर उंबरा ओलांडणार नाही. आमच्या घराला ती लागतात हो."

"लागतात तर तुम्ही ठेवा," घड्याळ म्हणालं. "पुढे मीच का राहायचं?"

ओतारींना हे म्हणणं रास्त वाटलं. घड्याळ पुढे घेता येतं, तर घर का येऊ नये? कुठल्याही यंत्रात आधी मुख्य चाक शोधावं लागतं, एवढंच.

"बाई, घरात सगळे कुणाच्या धाकाने चालतात?"

"सासूबाईंच्या," बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या.

रविवारी ओतारी हत्यारांची पेटी आणि घड्याळ घेऊन टेंब्यांकडे गेले. सासूबाईंना त्यांनी खिडकीपाशी, चांगल्या उजेडात बसवलं. भिंग डोळ्याला लावलं आणि त्यांचं मनगट हातात घेतलं.

"पंधरा मिनिटं पुढे घेतो, आजी. दुखणार नाही."

"घ्या की," सासूबाई म्हणाल्या. "फक्त उलटं फिरवू नका. मागचं सगळं पुन्हा सोसायला आता अंगात दम नाही."

"ठोक्यांचं यंत्र उलटं फिरवायचंच नसतं," ओतारींनी धीर दिला.

काम नाजूक होतं, पण किचकट नव्हतं. सासूबाई पुढे गेल्या आणि त्यांच्या मागोमाग, नेहमीप्रमाणे, अख्खं घर गेलं. मग ओतारींनी घड्याळ खिळ्यावर टांगलं आणि बरोबर वेळ लावली.

केलेलं काम काही दिवसांनी पाहून येण्याची ओतारींची पद्धत होती. त्याप्रमाणे ते एकदा पावणेपाचला टेंब्यांच्या दारात उभे राहिले. बाईंनी दार उघडलं.

"अच्छा काका, या पुन्हा. चहात आलं जास्त नव्हतं ना झालं?"

आत त्यांची कपबशी धुऊन पालथी घातलेली दिसत होती.

"छे, फक्कड होता," ओतारी म्हणाले. गिऱ्हाइकाशी वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते घड्याळासमोर जाऊन बसले. त्या घरात चालू वेळेत आता ते आणि घड्याळ, असे दोघंच होते.

"बरं चाललंय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"वेळ अगदी बरोबर आहे," घड्याळ म्हणालं. "पण मी सांगेपर्यंत सगळे पुढे निघून गेलेले असतात."

बंद पडलेली घड्याळं ओतारींनी आयुष्यभर सुरू केली होती, पण एकट्या पडलेल्या घड्याळाला कुठून उघडायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खुर्ची जरा घड्याळाजवळ ओढली.

पाच वाजले. घड्याळाने ठोके दिले, जरा दबकतच.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "बरोबर आहे हो! पाच वाजले होते!"

लंबक किंचित अडखळला, आणि मग ऐटीत हलू लागला.

ओतारींनी चपला घातल्या. जिना उतरता उतरता त्यांच्या जिभेवर चहाची चव आली. आलं जरा जास्तच झालं होतं.