इनासकाकांचं शेडकार्ड

आमच्या शेजारचे इनासकाका दुपारी बरोबर एकला बेल वाजवतात, खिशातून रंगांचं शेडकार्ड काढतात आणि आमच्या ताटातल्या भाजीला लावून बघतात. चेष्टा नाही करत. घराला रंग काढताना आपण दुकानात चाळतो ना, तेच ते कार्ड.

काका वसईत चाळीस वर्षं रंगाच्या दुकानात काउंटरवर उभे होते. ते रिटायर झाले, डोळा काही रिटायर झाला नाही. ताटात पाच रंग हवेत म्हणजे हवेतच: लाल, हिरवा, पिवळा, पांढरा, जांभळा. एखादा कमी पडला की मान हलवत म्हणणार, "बाय, रंगाचा एक हात राहिला." मी घरीच ब्लाउज शिवते, म्हणून आयती सापडते. आमच्या एव्हरशाईन सिटीत एवढी माणसं राहतात, परीक्षा मात्र रोज माझीच.

बरं, बोलतात ते खोटंही नसतं. "गाजराला जरा तेल दाखव, बाय. त्यातलं ए जीवनसत्त्व ऑइल पेंटच्या जातीचं, पाण्याला दाद देत नाही." पालकावर लिंबू पिळलं नाही तर, "लोह अंगाला लागायचं कसं? प्रायमरशिवाय रंग मारलास!" एवढं ज्ञान पाजळतात, पण आमच्याकडे एक घास घेतील तर शपथ. "माझं झालं," म्हणतात आणि कार्ड मिटतात.

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी पाण्याच्या टाकीच्या गळतीवर तावातावाने बोलत होते. काका उठले आणि कार्ड थेट त्यांच्या जिभेजवळ धरलं. "फिकट! लाल माठ खात नाही तुम्ही." मीटिंग तिथेच उधळली. टाकी अजून गळते आहे.

एकदा मी वैतागून भातात खायचा जांभळा रंग घातला. म्हटलं, घ्या तुमचा पाचवा हात! काकांनी कार्ड लावलं, वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हा झाडाचा नाही, डब्यातला. मी जन्मभर डबे विकले, बाय. मला शिकवू नकोस." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

हे सगळं चाललं असतं. पण गेल्या थंडीत त्यांनी सासूबाईंच्या कोनफळाला हात घातला. कोनफळ म्हणजे जांभळा कंद. त्याचे रवा लावून तळलेले काप हा आमच्या सासूबाईंचा जीव की प्राण. पोटच्या मुलालाही मोजून एक देतात. त्या कापावर काकांनी कार्ड टेकवलं आणि वर म्हणाले, "जास्त तळलात. रंग उडाला की सत्त्व उडालं."

सासूबाईंनी ताट पदराखाली घेतलं. काका गेल्यावर मला म्हणाल्या, "एक तर तो माणूस नाहीतर मी. उद्या बेल वाजली तर मी चंदनसारला लेकीकडे चालले. मग कर तू चार घास रंगीत!"

झाली का पंचाईत! शेवटी दुसऱ्या दिवशी साडेबारालाच मी काकांकडे गेले. म्हटलं, तोंडावर सांगून टाकावं की आजपासून येऊ नका. दार नुसतं लोटलेलं होतं.

काका जेवत होते. जेवत कसले, चहात पाव बुडवत होते. ताटलीत दुसरं काही म्हणजे काही नव्हतं.

"काका, हे काय? पाच रंग कुठे गेले?"

चोरी पकडल्यासारखे ते गडबडले. कार्ड टेबलावर उघडं पडलं होतं, मी उचललं. इतके दिवस माझ्या ताटात नाचणारं ते कार्ड मी पहिल्यांदाच नीट बघत होते. प्रत्येक रंगाखाली बारीक पेन्सिलीत काहीतरी लिहिलं होतं. माठ. मायाळू. भोपळा. मुळा. कोनफळ.

"मार्थाने लिहिलं," काका म्हणाले. मार्था म्हणजे त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. "डॉक्टरने मला भाज्या खायला सांगितल्या. मला भाज्यांतलं काय कळतंय? मला शेड कळतात. म्हणून तिने असं लिहून दिलं. रोज पाचही रंग वाढायची आणि मी कार्ड लावून पास करायचो. हसायची."

"मग आता का नाही खात?"

"एकट्यासाठी पाच भाज्या कोण चिरणार, बाय? तुमची ताटं बघून येतो. तिचं काम चालू आहे असं वाटतं."

घरून पाठ करून आणलेलं वाक्य अर्धं तोंडात होतंच, तेच बाहेर पडलं. "आजपासून आमची ताटं बघायला येऊ नका." काकांचा चेहरा पडला. मी घाईघाईने म्हटलं, "जेवायला या. आणि एक वाजायची वाट कशाला, आत्ताच चला. तो पाव ठेवा तिथे!"

घरी सासूबाई पिशवी भरून तयार होत्या. मी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी पिशवी कोपऱ्यात सारली आणि तिसरा पाट मांडला.

मी वाढलं. लाल माठ, पालक, भोपळा, मुळ्याची कोशिंबीर. काकांनी सवयीने कार्ड काढलं, ताटावर फिरवलं आणि शेवटच्या, जांभळ्या रंगाशी येऊन थांबले. डोळे भरून आले होते.

सासूबाईंनी आपल्या ताटातले कोनफळाचे दोन काप उचलले आणि त्यांच्या ताटात टाकले.

"घ्या तुमचा राहिलेला हात," त्या म्हणाल्या. "आज कमी तळलेत."