पुलाच्या राहिल्या गाळ्याची हकीकत

ज्यांचीं कामें वेळेवर पुरीं होतात त्यांस नमन, आणि ज्यांचीं होत नाहींत त्या आम्हां सर्वांस दुप्पट नमन. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, माघ मासीं, एका राज्यीं नदीवर पूल बांधणें चालिलें होतें. महाराजांची एकुलती कन्या मैनावतीबाईसाहेब पैलतीरीं दिल्ही होती, तीस सातवा मास लागला, आणि पहिलें बाळंतपण माहेरींच व्हावें ऐसा रिवाज, आणि होडींत पाऊल ठेवितांच बाईसाहेबांस भोवळ येई, म्हणोन पूल होणें अगत्याचें जाहलें. आणि महाराज थोर खरे, परंतु बांधकामाची धूळ त्यांस सोसेना, सबब दिवाणखान्यांत कामाचे टक्के दाखविणारा भिंतभर पडदा, म्हणजे डॅशबोर्ड, लाविला आणि लिंगोपंत यांस डॅशबोर्डनवीस नेमिलें. मग काय विचारतां! महाराज आंघोळीआधीं डॅशबोर्ड पाहत, जेवतां जेवतां पाहत, तांबडें दिसतां घास खालीं ठेवीत आणि हिरवें दिसतां पुन्हा तूप मागत.

मग एके प्रातःकाळीं अवघा पडदा हिरवागार जाहला. पूल अठ्ठ्याण्णव टक्के! महाराज उठोन नाचों लागले, आणि फोन उचलोन वदले, "मैने, नीघ! पूल झाला!" आणि नगारे वाजले, आणि राणीसाहेबांनीं पुरण शिजत घातलें. इतक्यांत पैलतीरावरोन पुलाच्या इंजिनेर तुळाबाई यांचा फोन लिंगोपंतांस आला कीं, "अहो पंत, हिरवं कसलं? मधल्या दोन खांबांमधला गाळा राहिलाय!"

पंत वदले, "बाई, एक गाळा म्हणजे दोनच टक्के. सत्त्याण्णव ओलांडले की पडदा आपोआप हिरवा होतो. महाराजांनीच ठरवलंय तसं."

"अहो, पण ते दोन टक्के नदीच्या मधोमध आहेत!"

पंत चहा तैसाच ठेवोन महाराजांकडे पळाले. आणि बाईसाहेबांची मोटार तों पुलावर चढोन भरधाव येत होती, आणि तुळाबाई फोन टाकोन, पदर खोचोन धावल्या, आणि डोईचें पिवळें हेल्मेट हालवीत वाटेंत आडव्या उभ्या ठाकल्या. ब्रेक करकरले. मोटार थांबली. मग वर्तमान ऐकोन महाराज अनवाणीच धुळींतून ऐलतीरच्या टोकास पावले. मधें गाळ्याएवढें आकाश.

"मैने, बरी आहेस ना गं?"

"बरी आहे, आबा! पण पूल झाला तर समोर पाणी का दिसतंय?"

"चुकलो गं."

"मग आता माहेरच इकडे आणा. मला होडीत भोवळ येते, तुम्हाला नाही ना येत?"

"मलाही येते," महाराज ओरडले, "पण येतो!"

आणि आले. डोळे गच्च मिटोन, राणीसाहेबांचा पदर धरोन आले, आणि पुरणाचें पातेलें मांडीवर घेऊन राणीसाहेब हंसत होत्या. मग व्याह्यांच्या शेजारींच बिऱ्हाड मांडिलें, त्यासच माहेर म्हटलें, आणि रिवाज राखिला. चैत्रीं कन्यारत्न जाहलें.

एकूण हकीकत इतुकीच कीं, महाराज रोज तुळाबाईंसवें कामावर गेले, पुष्कळ शिंकले, आणि वैशाखीं गाळा भरला. पुलावरोन प्रथम नात आली, आजोबांच्या खांद्यावर, आणि पूल सरेतों ती निजलीच होती.